इटालियन पिक्चरमधली भोकं

फुलेवाडीच्या नाक्यावरून उसाचे ट्रॅक्टर धडधडायला लागले की माझा हात आपोआप गॅलरीतल्या दोरीकडे जातो आणि वाळत घातलेले कपडे मी आत घेते. खरं तर याची काही गरज नाही. कुठल्याही कारखान्याची चिमणी माझ्या फ्लॅटपासून लांबच आहे आणि तिची राख इथवर कधी येत नाही. पण ज्यांचं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं त्यांना ठाऊक असतं, की हंगाम सुरू झाला की आभाळातून काळी राख पडते. उसाचा चोथा बॉयलरमध्ये जाळतात, त्याची ती राख. पांढऱ्या कपड्यावर बोट लावलं की पसरते, म्हणून ती झटकायची नसते, फुंकायची असते. एवढं शहाणपण मला कारखान्यानं दिलं आणि अजून ते विसरता येत नाही.

यंदाचा हंगामही आलाच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, गतिरोधकावर घसरून पडलेली कांडी, रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या. स्कूटीवरच्या चांगल्या घरच्या बायकासुद्धा सिग्नलला थांबल्या की ट्रॉलीतला एखादा ऊस हळूच ओढून घेतात. सगळ्या शहराला या दिवसांत काहीतरी गोड चाललंय असं वाटतं. मळीचा वास गोड असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पाच महिने नाकात घेऊन झोपून बघावं. मी शाळेतून येते, दार लावून घेते आणि पंखा मोठा करते.

माझ्या मनात हंगाम म्हणजे एकच. त्याआधीचे आणि नंतरचे सगळे त्याच्या आजूबाजूला उभे आहेत. त्या हंगामात मी बी.एड. करून घरी बसले होते, मुलाखती देत होते आणि कॉलनीतल्या दहावीच्या मुलींना गणित शिकवत होते. माझा थोरला भाऊ, दादा, कारखान्यात बॉयलरवर होता. सीझनल. म्हणजे ऊस असेल तोवर कामगार आणि ऊस संपला की घरातला जावई, असं आई म्हणायची. दादाचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. वहिनी मुरगूडकडची, शिवणकाम करणारी, बोलायला तिखट आणि हसायला लागली की तोंडात पदर कोंबणारी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं होतो. आज मी जे काही बरं म्हणते ते सगळं त्या दोन खोल्यांत होतं, फक्त तेव्हा ते कुणाला बरं वाटत नव्हतं.

दादाची पहिली पाळी असली की तो दुपारी बाराला सुटायचा. जेवायचा आणि मग पुढच्या खोलीच्या खिडकीवर वाकळ टांगायचा. भर दुपारी अंधार करून माझ्या लॅपटॉपवर आम्ही दोघं इटालियन भयपट बघायचो. हे वाचून कुणाला हसू येईल. कारखान्याची कॉलनी, बाहेर बायका शेंगा फोडत बसलेल्या आणि आत इटलीतले खून. पण झालं ते असं. दादाचा बॉयलरवरचा दोस्त मारुती कुठूनसा एक पेनड्राइव्ह घेऊन आला होता. त्याला हवे होते मारामारीचे पिक्चर, आणि निघाले हे. जुने, रंगीत, कुणीतरी भलत्याच हौसेनं जमवलेले. मारुतीनं दोन बघितले आणि पेनड्राइव्ह दादाच्या हातात कोंबला. "ह्यात कुणाचा कुणाला पत्ता न्हाय मर्दा. तुला बघायचं तर बघ," म्हणाला. दादाला मात्र ते असे चिकटले की बस.

त्यातलं काय सांगावं? एकात काचेचं मोठं घर होतं, आत झाडंच झाडं, आणि त्या झाडांवर कुठूनही लाल उजेड पडायचा. दिवा दिसायचा नाही. बाई चालत जाते तसा उजेड तिच्या मागून चालत जातो. दुसऱ्यात एका दिवाणखान्यात छतातून पाऊस पडत होता आणि लोक त्याच पावसात बसून शांतपणे जेवत होते, कुणी वर बघतसुद्धा नव्हतं. सुरी चमकायची ती एखाद्या दागिन्यासारखी. आणि गोष्ट? गोष्ट म्हणजे चाळण. काचेच्या घरातला खुनी शेवटी कोण निघावा, तर पहिल्याच प्रसंगात ज्याचा मुडदा आपण बघितला तो घड्याळवाला. तो जिवंत कसा झाला? झाला. मुडदा कुणाचा होता? कुणाचा तरी. पिक्चर संपला.

मी गणितवाली. मार्क पायऱ्यांना असतात, उत्तराला नाही, हे मी दहावीच्या मुलींना दिवसातून चारदा ऐकवायचे. असले पिक्चर बघताना माझं डोकं फिरायचं.

"अरे, ती बाई एकटी त्या घरात का शिरली?" मी विचारायचे.

"शिरली."

"अरे पण काल तिथं खून झालाय. पोलीस कुठं गेले?"

"च्या प्यायला गेल्यात. तू भिंत बघ की. भिंतीचा रंग बघ."

"रंग काय चाटायचाय? दार बाहेरून बंद होतं, मग खुनी आत आला कुठून?"

"नंदे," दादा म्हणायचा, "तू पेपर तपासायला बसलीयास का पिक्चर बघायला?"

हे सगळे पिक्चर इंग्रजीत डब केलेले. नटाचं तोंड एक बोलायचं आणि आवाज दुसराच यायचा, तोही अर्धा क्षण उशिरा. मला त्याचा राग यायचा. दादाला तीच मोठी गंमत वाटायची. तो म्हणायचा, खऱ्यातसुद्धा माणसं अशीच बोलतात, आपलं लक्ष नसतं. वहिनी मधूनच चहा घेऊन यायची, वाकळ बाजूला करून उजेड आत सोडायची आणि म्हणायची, "आलं का मुडदं मोजून?" एकदाच ती घटकाभर उंबऱ्यात टेकली आणि तिनं दादाला विचारलं, "शेवटाला कळतंय का, कुणी मारलं त्ये?"

"कळतंय. पर पटत न्हाय," दादा म्हणाला.

वहिनीनं तोंडात पदर कोंबला आणि आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज भांड्यांतून येत राहिला.

असल्या आवडीचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी फार छळलं म्हणून. बॉयलरच्या भट्टीला एक छोटा झरोका असतो, त्यातून आत बघून आग नीट आहे का ते पाहायचं. दादाचं निम्मं काम तेच. तो म्हणाला, "दिसभर मी ती आग बघतोय. ती कशानं जळती, किती जळती, सगळं पाठ हाय. ऊस, चोथा, वाफ, साखर. सगळं जुळतंय बघ. आन इतकं जुळून शेवटाला काय, तर साखरंचं पोतं. म्हणून जे जुळत न्हाय त्ये बघाय बरं वाटतंय." मी त्यावर काहीतरी बोलले असेन. मी नेहमीच काहीतरी बोलायचे. पण त्या दिवसापासून मी त्याच्या बाजूला थोडी सरकले हे खरं. भोकांकडे कमी आणि भिंतींकडे जास्त बघायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दादा म्हणायचा. उघडून दाखवली की त्यात काही नसतं.

हंगाम निम्म्यावर आला होता. थंडी होती, ऊस भरपूर होता, चिमणी दिवसरात्र चालू होती. एक दिवस पहिली पाळी सुटली आणि दादा जेवायला आला नाही. वहिनीनं भाकरी झाकून ठेवली. मी वाकळ खिडकीवर टांगून ठेवली होती, लॅपटॉप चार्ज करून ठेवला होता. तीनच्या सुमाराला फोन आला तो मलकापूरच्या दवाखान्यातून. मलकापूरच्या पुढं, रत्नागिरीच्या रस्त्याला एका वळणावर त्याची मोटारसायकल घसरली होती. गाडीला कुणी धडकलं नव्हतं. रस्ता कोरडा होता. आम्ही पोचायच्या आधीच तो गेला होता.

त्याच्या अंगावर लग्नातला क्रीम रंगाचा शर्ट होता. पहाटे तो घरातून बाहेर पडला तेव्हा अंगावर कामाचे कपडे होते. गाडीच्या पिशवीत पेढ्यांचा एक बॉक्स होता आणि एक छत्री. लाल. बायकांची. नवीकोरी, प्लास्टिकच्या पिशवीतली, दुकानाचं स्टिकर अजून तसंच. आणि बाहेर असं कोरडं आभाळ, की पाऊस म्हणजे काय ते आठवू नये.

आमची सगळी सोयरीक बिद्री-मुरगूडच्या बाजूला. मलकापूरकडे आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. दादा तिकडं का गेला होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. आजही नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की रक्षाविसर्जनानंतर पै-पाहुणे भेटायला येतात. येणारा पुरुष पुढच्या सोप्यात बसतो, पाणी घेतो, थोडा वेळ जमिनीकडे बघतो आणि विचारतो, "कसं काय झालं?" हे विचारलंच पाहिजे. न विचारणं म्हणजे माणुसकी सोडली. आणि घरातल्या कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलंच पाहिजे. म्हातारं माणूस गेलं असलं की हे सोपं असतं, आजारपण सांगायचं, दवाखाना सांगायचा, शेवटचा घोट सांगायचा. ऐकणारा मान हलवतो, च्या घेतो, उठतो. मग पुढचा येतो आणि पुन्हा तेच. रडण्यापेक्षा या सांगण्यानंच दुःखाला वळण लागतं असं मला पूर्वी वाटायचं. आमच्या दारात मात्र प्रत्येक पाहुणा "कसं काय झालं" नंतर थोडं थांबून हळूच विचारायचा, "पर तिकडं कशाला गेलता?"

दुखवटा गावाकडच्या घरी होता; तिथं सोप्यात आमचे चुलते आप्पा बसायचे. ते सांगायचे, "कारखान्याचं काम हुतं. सायबानं धाडलं हुतं." कारखान्यानं धाडलं नव्हतं हे आप्पांना माहीत होतं. पण पुतण्याच्या नावाला बट्टा लागू नये, सुनेकडं कुणी वाकडं बघू नये, म्हणून बोलले. मागच्या दारानं बायका यायच्या, त्यांना आई सांगायची, "माझ्या गुडघ्याचं औषध आणाय गेलता. तिकडं एक झाडपाला देणारा हाय म्हणं." आणि मारुती दारातच उभा राहून कारखान्यातल्या माणसांना सांगायचा, "माझ्या मेव्हण्याकडं गेलता, म्हस बघायला." तिघांनी एकमेकांशी ठरवलं नव्हतं. ठरवायला बसणार तरी कोण? ज्याला जे सुचलं त्यानं ते मायेपोटी सांगितलं, आणि एकदा सांगितल्यावर बदलता येईना, कारण पाहुणे एकमेकांच्या गावाला जाऊन ते सांगणार होते. बिद्रीकडे औषध गेलं, मुरगूडकडे कारखान्याचं काम गेलं, बॉयलरवर म्हैस गेली. छत्रीचा विषय निघालाच तर प्रत्येकजण वेगळं बोलायचा. आप्पांनी ती माळ्यावर टाकली.

वहिनी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. तिथून सोपाही ऐकू यायचा आणि मागचं दारही. तिन्ही गोष्टी ती रोज ऐकत होती, कितीतरी वेळा, वेगवेगळ्या आवाजांत. मी तिच्या शेजारी बसायचे. एका दुपारी, बायका उठून गेल्यावर, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुमच्यापाशी बसून बसून पिक्चर बघायचं. तुमाला काय बोललं हुतं का? तिकडं कोण हाय म्हणून?"

"नाही वहिनी."

"शपथ?"

"शपथ."

तिनं मान हलवली, जशी पाहुणे हलवायचे तशी. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. ज्या घरात तीन माणसं तिच्याच भल्यासाठी तीन तऱ्हेनं खोटं बोलत होती तिथं चौथीवर तिनं का विश्वास ठेवावा? तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, की ज्याच्यासाठी ती भाकरी झाकून बसली होती तो तिचा होता की नव्हता.

दुसऱ्या वर्षी, हंगामातच, मी एकटी मलकापूरला गेले. छत्रीवरच्या स्टिकरवर दुकानाचं नाव होतं. पेठेतलं छोटं दुकान, बॅगा, छत्र्या, रेनकोट. मी मालकाला छत्री दाखवली. त्यानं ती उलटसुलट केली आणि म्हणाला, "माझ्याकडचीच हाय. पावसाळ्यात उरल्याल्या मी थंडीत स्वस्तात काढतोय. का, तार मोडली व्हय?"

एक भोक बुजलं. कोरड्या आभाळाखाली छत्री का, तर ती स्वस्त होती म्हणून. मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या स्टुलावर बसले. मग विचारलं, घेणारा आठवतो का? क्रीम शर्ट, उंच, डाव्या भुवईवर व्रण. सोबत कुणी होतं का?

"ताई, छत्री कोण कोण नेतंय, कुणाकुणाला ध्यानात ठेवू?" तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "कोण लागत हुतं तुमचं?"

भाऊ, म्हणाले. गेला, म्हणाले. त्यानं पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं नाही, स्वतः उठून आणलं, समोर बसला, जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, "कसं काय झालं?"

आणि मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईच्या गुडघ्याचं औषध आणायला या बाजूला आला होता, इकडे एक झाडपाला देणारा आहे म्हणतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की माझं तोंड हलतंय आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. तो भला माणूस मान हलवत होता. म्हणाला, "व्हय व्हय, हाय खरा एक झाडपाल्यावाला, पल्याडच्या अंगाला." मी उठले. त्या झाडपाल्यावाल्याकडे गेले नाही. काय विचारणार होते? आणि तो हो म्हणाला असता तरी घरी जाऊन वहिनीला सांगणार कोण आणि ती ऐकणार कशी? एक भोक बुजवलं की शेजारचं दिसायला लागतं. छत्री स्वस्त होती, पण कुणासाठी होती?

मारुतीचं तर त्याहून वाईट झालं. पुढं काही काळानं तो गावाकडच्या घरी आला. क्वार्टर सोडून आई आणि वहिनी तोवर गावी राहायला गेल्या होत्या, मी सुट्टीला गेले होते. मारुती उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या गळ्याची आण. म्हशीचं मी खरंच सांगत हुतो. मेव्हण्याकडं दुभती म्हस हुती, ती घेऊन तुमाला दारात उभी करायची असं त्याच्या मनात हुतं. तुमच्या नावानं. छत्री बी तुमाला. सांगू नगो म्हणाला हुता, म्हणून मी गप हुतो."

मी वहिनीकडे बघितलं. हे असू शकत होतं. शर्ट, पेढे, छत्री, सगळं जुळत होतं, पायरीला पायरी.

वहिनी सुपातले तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "भावजी, गप कुठं हुता? त्या टायमाला बी म्हसच सांगत हुता की."

"व्हय, पर त्ये खरं हुतं."

"आप्पा बी खरंच म्हणत हुतं. आत्याबाईंचं गुडघ्याचं औषध बी. सगळ्यांचं खरंच हाय." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तुमच्या मेव्हण्याला इचारलं असतं."

मेव्हणा त्या दरम्यान वारला होता. मारुती च्या प्यायला आणि गेला. कदाचित तो खरं बोलत होता. मला तर वाटतं बोलत होता. पण दुखवट्याच्या दिवसांत तो त्या दारात उभा राहिला होता आणि त्या दारात उभं राहून जे जे बोललं गेलं त्याची किंमत एकच. आमच्या मायेच्या माणसांनी खऱ्याला बसायला जागाच ठेवली नव्हती.

आणि आई. आईचं तर मी लिहिणारच नव्हते. आईनं ती औषधाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की आता तिला ती खरीच वाटते. थंडीत गुडघे धरले की ती ते दोन्ही हातांनी दाबते आणि म्हणते, "ह्या मेल्या गुडघ्यापायी गेला माझा पोरगा." मी एकदा सांगून बघितलं, की आई, हे तूच जुळवलं होतंस. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उठून चूल सारखी करायला गेले.

इंटरनेटवर असल्या पिक्चरांवर वाद घालणारी माणसं असतात. मी कधीकधी वाचते. एकजण लिहितो, गोष्ट न जुळणं हीच यांची शैली, हे स्वप्नासारखे बघायचे, स्वप्नाला कुणी हिशेब विचारत नाही. दुसरा म्हणतो, लेखकानं आळस केला आणि तुम्ही त्याला शैली म्हणता; आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेकडो माणसं तावातावानं भांडतात. मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते, मला दोन्ही बाजू पाठ आहेत. दादा होता तेव्हा मी दुसऱ्याच्या बाजूनं होते, मग हळूहळू पहिल्याच्या बाजूला येत होते, आणि मध्येच तो गेला. आता त्यांचं वाचताना वाटतं, या लोकांचं कुणी घसरून पडलेलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. भोकांनी काही बिघडतं का, हा प्रश्न खुर्चीत बसलेल्याचा आहे.

गेल्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आली. शिवणकाम करून डोळ्यांची आग होते, दवाखान्यात दाखवायचं होतं. आता तिचे पुढचे केस पांढरे झालेत. हसताना तोंडात पदर कोंबण्याची सवय मोडली, कारण तशी वेळ येत नाही. तिला माहेरच्यांनी दुसरं बघूया म्हणून खूप समजावलं होतं. ती म्हणाली होती, पहिल्याचं काय झालं ते कळू दे, मग बघू.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वन्सं, त्यो एक पिक्चर लावा. दोघं बघायचासा त्यातला."

मी पडदे ओढले. काचेच्या घराचा लावला. ती पलंगाच्या कडेला सरळ बसून बघत होती, दवाखान्यात नंबरची वाट बघावी तशी. लाल उजेड तसाच, दिव्याशिवाय. बाई चालत गेली, उजेड मागून गेला. मला वाटलं होतं ती मधेच उठेल. ती शेवटपर्यंत बसली.

"ह्यो घड्याळवाला पयल्यांदा मेला हुता न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काही नाही. दादा म्हणायचा, ते विचारायचं नाही. भिंतीचा रंग बघायचा."

तिनं मान हलवली. पडद्यावर नावं सरकत होती, तीही ती वाचत असल्यासारखी बघत होती. मग म्हणाली, "एवढी माणसं मेली ह्यात. एकाची बी बायकू दावली न्हाय."

मी पडदे उघडले. खाली ट्रॅक्टर चालला होता, गाणं लावलेला. ती उठली आणि भाकरीचं पीठ किती घेऊ म्हणून विचारायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या. उन्हात जाऊ नका, गेलात तर काहीतरी आड धरा, म्हणाले. तिला संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं, आई एकटी होती. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. शेडखाली जागा नव्हती. गावाकडं जाणारी मुरगूडची गाडी लागायची होती आणि ऊन असं की माझेच डोळे मिटत होते. वहिनीनं पिशवीत हात घातला आणि ती छत्री काढली. अजून प्लास्टिकमध्ये होती.

"घरातली दुसरी उंदरांनी खाल्ली," ती म्हणाली. "माळ्यावर हीच हुती."

तिनं दातांनी प्लास्टिक फाडलं. स्टिकर तसंच राहू दिलं. छत्री उघडली तेव्हा तारांनी थोडी कुरकुर केली आणि मग ती पूर्ण उघडली, आणि वहिनीच्या तोंडावर, गळ्यावर, पांढऱ्या केसांवर लाल उजेड पडला. अगदी तसाच. मी हे इतक्या वर्षांत कुठंच बघितलं नव्हतं, पिक्चरशिवाय. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी ती वर, छत्रीच्या कापडाकडे बघत होती. ती फार सुंदर दिसत होती. दादा असता तर म्हणाला असता, बघ नंदे, बघ की. मी बघितलं.

"कुणाची असंल हो?" वहिनी म्हणाली.

गाडी लागली. तिनं छत्री मिटली, काखेत धरली आणि खिडकीची जागा मिळवायला पुढं गेली.